रिसेंटमधली ॲप उडवून बॅटरी वाचत नाही

फोनची बॅटरी ‘दुप्पट चालवणारा’ एक मेसेज दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरून येतो. यंदाही आला: सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर, गावाकडच्या ग्रुपवर. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. वापरून झालेली ॲप दर वेळी रिसेंटमधून (नुकत्याच उघडलेल्या ॲपच्या यादीतून) उडवा. लोकेशन, ब्लूटूथ, वायफाय कायम बंद ठेवा. वॉलपेपर काळा लावा. फोन पूर्ण बंद पडल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. बॅटरी सेव्हर ॲप टाका. फोन तापला तर दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. आणि शेवटी ‘जनहितार्थ पुढे पाठवा’.

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, आणि वाचणारे हे सगळं मनापासून पाळतात. जिथे भर दुपारी तासन् तास लाइट नसते तिथे, किंवा गावभर फिरून फोनवरच नोंदी भरणाऱ्या आशाताईंसाठी, संध्याकाळपर्यंत चार्जिंग पुरणं ही रोजची गरज आहे. म्हणूनच या मेसेजला उत्तर द्यावंसं वाटतं. यातले बहुतेक सल्ले नको तिथे काटकसर करायला लावतात आणि बॅटरी खरोखर जिथे जाते तिथलं नावही काढत नाहीत.

पहिला मुद्दा, रिसेंटमधली ॲप. हा सल्ला सगळ्यात जास्त पाळला जातो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे. कल्पना अशी असते की त्या यादीत दिसणारं प्रत्येक ॲप आत चालूच आहे. तसं नसतं. आपण ॲपमधून बाहेर पडलो की थोड्याच वेळात फोन त्याला आहे त्या स्थितीत गोठवून मेमरीत ठेवतो. मेमरी रिकामी असली काय नि भरलेली असली काय, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच. उलट ते ॲप उडवलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडलं, की फोनला ते पहिल्यापासून उभं करावं लागतं, प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. दिवसभर हेच करत राहिलं तर बचत बाजूलाच, थोडा तोटाच होतो. मार्च 2016 मध्ये एका आयफोनधारकाने हाच प्रश्न ॲपलचे प्रमुख टिम कुक यांना ईमेलवर विचारला होता. उत्तर आलं सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिघी यांचं: मी स्वतः ॲप बंद करत बसत नाही आणि बॅटरीसाठी त्याची गरजही नाही. त्याच सुमारास अँड्रॉइडची धुरा सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही तेच सांगितलं, वर हेही जोडलं की याने बॅटरी किंचित जास्तच जाऊ शकते. अँड्रॉइडमध्ये तर 2015 च्या सहाव्या आवृत्तीपासून फोन पडून असला की ॲपना आपोआप झोपवणारी ‘डोझ’ नावाची सोय आहे, आणि 2018 च्या नवव्या आवृत्तीपासून कमी वापरातल्या ॲपवर फोन स्वतःच लगाम घालतो.

यात एक नुकसान असं आहे की ते चटकन लक्षात येत नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये रिसेंटमधून उडवलेलं ॲप पुरतं मरतं, आणि मग त्याचे मेसेज, सूचना उशिरा येतात किंवा येतच नाहीत. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोर्स स्टॉप’ केलेलं ॲप तर आपण पुन्हा उघडेपर्यंत मुकंच राहतं. “अरे, तुझा मेसेज आलाच नाही” या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

अपवाद आहे, तोही सांगायला हवा. एखादं ॲप बिघडून खरंच मागे धावत राहतं, किंवा मॅपवरचा रस्ता संपवायचा राहून गेलेला असतो. अशा वेळी तेवढं एकच ॲप बंद करावं. ते ओळखायचं कसं? सेटिंग्ज, मग बॅटरी, मग ‘बॅटरी युसेज’. दिवसभरात जेमतेम उघडलेलं ॲप त्या यादीत वरच्या दोन-तीनांत बसलेलं दिसलं की चोर सापडला. त्याची बॅकग्राउंडची परवानगी काढून घ्या.

‘लोकेशन, ब्लूटूथ, वायफाय कायम बंद ठेवा.’ लोकेशनचं बटण नुसतं चालू असल्याने फारसं काही जात नाही, बॅटरी जाते ती कुठलं तरी ॲप सारखं ठिकाण विचारत राहिलं तर. म्हणून त्या ॲपला ‘वापरताना’ एवढीच परवानगी द्यावी. ब्लूटूथमध्ये कमी विजेवर चालणारी पद्धत 2010 पासून आहे, त्यामुळे तेही नुसतं चालू राहिल्याने फारसं काही जात नाही. आणि वायफाय बंद ठेवण्याचा सल्ला तर उलटाच आहे. घरी वायफाय असताना मोबाईल डेटावर व्हिडिओ बघितला की बॅटरी सहसा जास्त जाते.

आता ज्याचा या मेसेजमध्ये कुठेही उल्लेख नाही त्याकडे येऊ: रेंज. फोन टॉवरचं ऐकतो तसा टॉवरशी बोलतोही, आणि किती जोरात बोलायचं हे अंतरावर ठरतं. शेजारच्याशी हळू बोललं तरी चालतं, बांधापलीकडच्याला हाक मारावी लागते. नेहमीचा 4जी फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॅटपर्यंत ताकद लावू शकतो. टॉवर जवळ असला तर त्याच्या अगदी छोट्या अंशात काम भागतं. रेंजची एकच कांडी उरली की तो त्या कमाल मर्यादेकडे सरकतो, आणि हे सिग्नल तयार करणाऱ्या भागाला त्याहून कितीतरी जास्त वीज लागते. रेंज पार गेली की टॉवर शोधण्याचं काम वारंवार सुरू होतं. आंबा घाटातून उतरताना किंवा कोकण रेल्वेने रात्रभर जाताना फोनला हातही न लावता बॅटरी उतरलेली दिसते, ती यामुळे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि असे बोगदे त्या मार्गावर एकामागून एक येतात. अशा प्रवासात फोनची गरज नसेल तेव्हा एअरप्लेन मोड लावणं हा खरा उपाय. डाउनलोड केलेली गाणी तरीही वाजतात.

दोन सिमच्या फोनमध्ये तर हे दुप्पट होऊ शकतं. माझ्या मावशीच्या फोनमध्ये एक सिम गावात चालणारं आणि दुसरं फक्त तालुक्याला गेल्यावर रेंज पकडणारं. ती बिचारी दिवसातून वीस वेळा ॲप उडवायची, वॉलपेपरही काळा केला होता, तरी दुपारच्या जेवणापर्यंत फोन लाल रेघेवर यायचा. दुसरं सिम दिवसभर नुसतं टॉवर धुंडाळत होतं. सेटिंग्जमधून ते सिम बंद केलं, तालुक्याला जाताना चालू करायला शिकवलं, आणि त्याच जुन्या फोनचं चार्जिंग संध्याकाळच्या मालिकांपर्यंत पुरायला लागलं. 5जीचंही तसंच. जिथे 5जी सारखं येत-जात असतं तिथे नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 4जी निवडून बघा.

काळा वॉलपेपर. यात अर्धं सत्य आहे. ओलेड पडद्यावर काळ्या जागी प्रकाशच नसतो, त्यामुळे तिथे वीज वाचते. पण स्वस्त फोनमध्ये बहुतेक एलसीडी असतो, त्याचा मागचा दिवा काळ्या चित्रामागेही तेवढाच जळतो. शिवाय आपण वॉलपेपर किती वेळ बघतो? डार्क मोडबद्दल (म्हणजे फोनभर काळ्या पार्श्वभूमीवर फिकी अक्षरं) अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये ओलेड फोनवर मोजमाप केलं होतं. ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असताना बचत सरासरी 3 ते 9 टक्के भरली. ब्राइटनेस पूर्ण असताना मात्र 39 ते 47 टक्के. म्हणजे खरा हिशेब ब्राइटनेसचा आहे. तो कमी करा, स्क्रीन अर्ध्या मिनिटात बंद होईल असं करा, आणि फोनला 120 हर्ट्झचा (सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारा) पडदा असेल तर तो 60 वर आणा. ज्यांना दिवसभर उन्हात फोन बघावा लागतो त्यांनी डार्क मोड जरूर लावावा, पण आधी आपला पडदा ओलेड आहे का ते पाहून.

‘पूर्ण बंद पडल्याशिवाय चार्जिंगला लावू नका’ हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन असते, जी सोनीने 1991 मध्ये बाजारात आणली आणि जिच्या कामासाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. तिला तळाशी जाणं सोसत नाही. 20-30 टक्क्यांवर लावा, 80-90 ला काढा, मध्येच थोडं चार्ज करा, सगळं चालतं.

बॅटरी सेव्हर ॲपबद्दल थोडक्यात. ती ॲप स्वतःच मागे चालतात, जाहिराती दाखवतात आणि करतात काय, तर वर सांगितलेलं ॲप उडवणं. 29 जून 2020 ला केंद्र सरकारने बंदी घातलेल्या 59 ॲपमध्ये ‘डीयू बॅटरी सेव्हर’ आणि ‘क्लीन मास्टर’ होती. कारण देशाची सुरक्षितता आणि माहितीची गोपनीयता हे होतं, पण असल्या ॲपच्या हाती केवढ्या परवानग्या आपण देतो याचा विचार तेव्हा तरी व्हायला हवा होता. फोनमध्ये कंपनीनेच दिलेला बॅटरी सेव्हर मात्र बिनधास्त वापरा.

उरला फ्रीज, आणि इथे मला खरंच काळजी वाटते. उष्णता बॅटरीची वैरी आहे हे खरं; ॲपल आपल्या फोनसाठी 0 ते 35 अंशांची हवा योग्य मानतं, आणि विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. उन्हात बाइकच्या होल्डरवर मॅप लावून, वर चार्जिंगही चालू, म्हणजे बॅटरीचं कायमचं नुकसान. पण तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवला की थंड होतो आणि बाहेर काढल्यावर दमट हवेतली वाफ त्याच्यावर, कधी आतही, पाणी होऊन बसते. तापलेल्या फोनचं कव्हर काढा, चार्जिंग थांबवा, सावलीत पंख्याखाली ठेवा. मागचं झाकण किंवा पडदा उचलल्यासारखा दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, टाचणी लावून हवा काढायला तर मुळीच जाऊ नका. बंद करा, गादी-कपड्यांपासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरी बदलून घ्या.