चित्रं काढणाऱ्यांची नावं घ्या

आबिद सुरती हे नाव ऐकलंय? मुंबईजवळ मीरा रोडला राहून त्यांनी २००७ साली एक काम सुरू केलं. रविवारी सोबत प्लंबर घ्यायचा, इमारतींमध्ये दारोदार जायचं आणि लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागातल्या माणसाला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. पण मी आज त्यांचं नाव काढलंय ते नळांसाठी नाही. याच माणसानं १९७६ साली ‘बहादूर’ हा कॉमिक्सचा नायक लिहिला.

भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप चंबळचा डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला. पोरगा सूड घ्यायला निघतो, आणि पुढं तोच पोरगा गावकऱ्यांना गोळा करून नागरिक सुरक्षा दल उभं करतो. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (इंग्रजीतला फँटम) आम्हाला प्रिय होताच, जादूगार मँड्रेकही होता. पण त्यांचं जग परकं होतं. बहादूरच्या पानांवर धूळ होती, जीपगाडी होती, फेटे बांधलेले म्हातारे होते. ते चित्र आमच्या परभणीच्या जिंतूर रोडवरही घडू शकलं असतं. आणि ते चित्र काढलं होतं गोविंद ब्राह्मणिया यांनी. इंद्रजालच्या कितीतरी मुखपृष्ठांवरची रंगवलेली चित्रंही त्यांचीच. मी चित्रकला शिक्षक झालो त्यात या मुखपृष्ठांचा मोठा वाटा आहे, हे मी कुणालाही सांगेन.

परभणीत तेव्हा स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक चाचा कॉमिक्स भाड्यानं द्यायचे. दोरीवर अंक लटकवलेले, खाली पोतं अंथरलेलं. तिथंच बसून वाचलं तर दहा पैसे, घरी न्यायचं तर जास्त. “पन्ना मत मोडो रे,” एवढं एकच वाक्य ते दिवसभर म्हणत. मराठी अंक असला तर मराठी, नसला तर हिंदी. आपल्याकडं दोन्ही सारखंच चालायचं. घरी आई विचारायची, “चित्रं बघायलास का अभ्यास करायलास?” मी चित्रं बघत होतो, आणि तोच माझा अभ्यास होता असं आज पूर्ण विश्वासानं म्हणतो.

इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढं साप्ताहिक, असे आठशेच्या वर अंक निघाले आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. वेताळ आणि मँड्रेक या दोघांचा लेखक एकच, अमेरिकेतला ली फॉक. मँड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा, आणि १९९९ मध्ये वारेपर्यंत हा माणूस त्यांच्या गोष्टी लिहीतच होता. चित्रकार मात्र बदलत गेले. त्यातला साय बॅरी माझा आवडता. १९६१ पासून तीसेक वर्षं त्यानं वेताळ काढला. त्याच्या जंगलातली सावली बघा: काळ्या शाईचा एक मोठा ठसा, त्यात दोनच पांढऱ्या रेघा, आणि तरी तुम्हाला तिथं झाड दिसतं, वेल दिसते, कुणीतरी दबा धरून बसलेलं दिसतं. कुठं काढायचं नाही हे कळणं फार अवघड असतं.

(आमच्या घरात वेताळ दोन होते. एक हा, आणि दुसरा ‘चांदोबा’तला. खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेऊन चाललेला तो विक्रमराजा मद्रासला बसून शंकर यांनी काढला. २०२० साली ते गेले तेव्हा मी शाळेच्या फळ्यावर तेच चित्र खडूनं काढून ठेवलं होतं.)

आता आपल्या माणसांकडं येतो. अनंत पैंनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ ही चित्रकथांची मालिका सुरू केली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्यातला ‘कृष्ण’ कुणी काढला? राम वाईरकरांनी. ‘शिवाजी’ची चित्रं प्रताप मुळीकांची आणि संहिता भा. रा. भागवतांची. हेच मुळीक पुढं राज कॉमिक्ससाठी नागराज काढू लागले. ‘टिंकल’ हे मुलांचं चित्रकथांचं नियतकालिक १९८० मध्ये आलं. त्यातला सुपंडी वाईरकरांचा, टोपीखाली डोळे झाकलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांचा, कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. सगळ्या देशातली पोरं ज्यांना बघून हसली, ती पात्रं या मराठी हातांतून उतरली. आणि आपण साहित्य संमेलनं भरवतो, नाट्यसंमेलनं भरवतो, कवींच्या नावानं सभागृहं बांधतो; या माणसांचं नाव मात्र एखाद्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीलाही देत नाही. याचं मला मनापासून दुःख आहे.

वाईरकरांची रेघ मी वर्गात वापरतो. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो. मुलं बाजार काढतात, जत्रा काढतात, पण माणसं सगळी समोर तोंड करून ताठ उभी. मग मी वाईरकरांचं एक पान लावतो. पळणारा माणूस बघा: त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, धोतराचा सोगा कुठल्या बाजूला उडतोय. पुढच्या आठवड्यात त्याच मुलांच्या बाजारातली भाजीवाली वाकलेली असते आणि बैल मान वळवून बघत असतो. कुठल्याही पाठ्यपुस्तकातून हे इतक्या लवकर साधलेलं मी पाहिलेलं नाही.

या चित्रकथांमध्ये दोष नव्हते असं मी म्हणत नाही. देव गोरे आणि असुर काळे, हे रंगवणं चुकीचंच होतं, आणि माझ्या वर्गातल्या सावळ्या पोरांसमोर ते पान धरताना मी ते स्पष्ट सांगतो. आफ्रिकेच्या जंगलाचं रक्षण करायला गोराच माणूस लागतो, ही वेताळाच्या गोष्टीतली कल्पनाही मोठेपणी खटकते. ते बोलावं, जरूर बोलावं. पण त्यासाठी ती चित्रंच नजरेआड करू नयेत.

आणि “कॉमिक्स म्हणजे बाहेरून आलेलं पोरकट खूळ” असं निदान आपल्याकडं तरी कुणी म्हणू नये. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात वेस्संतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, रंगवलंय, प्रसंगामागून प्रसंग, तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथी परंपरेतली कागदावरची चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. एकेक चित्र समोर धरायचं आणि रामायण-महाभारत गाऊन सांगायचं. लेणी आणि ही चित्रं बघून आलेल्या मुलाला कॉमिकचं पान परकं वाटायचं काहीच कारण नाही.

माझं मागणं साधं आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात या जुन्या अंकांची बांधीव बाडं ठेवावीत, बालविभागात, हाताला लागतील अशी; कपाटात कुलूपबंद नकोत. जीर्ण म्हणून यादीतून काढण्याआधी एखाद्या चित्रकला शिक्षकाला बोलवावं. आणि शाळांनी चित्रकारांची नावं मुलांना सांगावीत, जशी आपण कवितेखाली कवीचं नाव सांगतो.

मराठीतले इंद्रजालचे अंक आता फार कमी दिसतात. परभणी, हिंगोली, नांदेड, जालना या बाजूला कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका, मला कळवा. विकत मागत नाही. मी येईन, तुमच्याच घरी बसून पानांचे फोटो काढीन, लेखक-चित्रकारांची नावं छापलेली असतील ती वहीत उतरवून घेईन आणि अंक तुमचे तुम्हाला देऊन निघेन. कव्हर फाटलेलं असलं तरी चालेल.