एरर पचवण्याच्या सोप्या युक्त्या

टीमने रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा घेतली? अभिनंदन! आता फंक्शन सरळ आकडा देणार नाही. रिझल्ट देईल, म्हणजे उत्तर तरी किंवा ते का मिळालं नाही याचं कारण तरी. नाहीतर ऑप्शन देईल, म्हणजे व्हॅल्यू असेल किंवा नसेल. आणि कंपायलर इतका खाष्ट, की 'नसली तर काय?' याचं उत्तर घेतल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. घाबरू नका, त्याला गप्प कसं करायचं ते सांगते.

सगळीकडे अनरॅप ठोका, म्हणजे 'व्हॅल्यू आहेच असं धर, नसली तर प्रोग्रॅम पाड'. व्हॅल्यू असणारच, जाते कुठे? १८ नोव्हेंबर २०२५ ला असंख्य साइट्सचं ट्रॅफिक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या प्रॉक्सीत एका फाइलमध्ये २०० च्या मर्यादेबाहेर फीचर्स आली, एरर आली, तिच्यावर अनरॅप होतं, आणि जगभरच्या कितीतरी साइट्स बसल्या. आपली साइट तेवढी मोठी नाही, चिंता नसावी.

जावावाल्यांनी मन छोटं करू नये. ऑप्शनल तुमच्याकडे २०१४ पासून, जावा ८ पासून आहे. ऑप्शनल देण्याचं वचन देणाऱ्या मेथडमधून खुशाल नल, म्हणजे रिकामा हात, परत करा. कंपायलर हूं की चूं करत नाही.

एररचा टाइप? सगळ्यांना मिळून एकच स्ट्रिंग: 'समथिंग वेंट राँग'.

एआयने सुचवलेली ओळ न वाचता टॅब दाबा.

आता हुकमाचा एक्का. नीट बघा:

शिल्लक(खातं).ओके().फ्लॅटन().अनरॅप_ऑर_डिफॉल्ट()

काय सुबक ओळ आहे! ओके एररचं कारण गंगार्पण करतं. टाइमआउट असो, सर्टिफिकेट संपलेलं असो, हाती उरतो फक्त 'नन', म्हणजे 'काही नाही'. फ्लॅटन तो नन खऱ्याखुऱ्या 'वॉलेटच नाही'वाल्या ननमध्ये मिसळून टाकतो. मग डिफॉल्ट त्या जागी शून्य बसवतो. कंपायलर खूश, टेस्ट हिरव्या, रिव्ह्यूत 'एलजीटीएम', म्हणजे 'मला ठीक वाटतंय'. रस्टचा कोड तपासणाऱ्या क्लिपीचं अनरॅप पकडणारं लिंटसुद्धा हिला हात लावत नाही. गेल्या आठवड्यात आमच्याकडे याच ओळीने रात्री दीडला लोकांच्या वॉलेटमध्ये शून्य रुपये दाखवले. पैसे जागेवर होते हो! फक्त शिल्लक सांगणारी सर्व्हिस पडली होती. पण ॲप छातीठोकपणे सांगत होतं शून्य, वर पॉइंट शून्य शून्य. सपोर्टचे फोन थांबेनात, आणि ऑन-कॉल कोण? मी. लॉग उघडला तर कोरा. डॅशबोर्ड हिरवागार, कारण काही बिघडलंय हे कोणी कुणाला सांगितलंच नव्हतं! पॅनिक झालं असतं, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच कोसळला असता, तर निदान ओळीचा नंबर तरी मिळाला असता. अनरॅप परवडला, मेला तरी ओरडून मरतो. आणि सकाळी स्टँडअप मीटिंगला उत्तर काय, तर 'क्रॅश नको म्हणून डिफेन्सिव्ह कोडिंग केलं.' कोणाचा डिफेन्स? तुझ्या झोपेचा?

बास झाली थट्टा. नवीन ग्राहक आहे, त्याने वॉलेट उघडलेलंच नाही, तर ते नन. वॉलेट आहे पण सर्व्हिस उत्तर देत नाही, तर ती एरर. फंक्शन 'रिझल्टच्या आत ऑप्शन' देत होतं ते याचसाठी. लिहिणाऱ्याने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून तुमच्या हातात ठेवल्या होत्या, आणि तुम्ही त्या एका शून्यात कालवल्यात. प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर रस्टमध्ये २०१६ पासून आहे. एक अक्षर टाइप केलं की एरर कारणासकट वर जाते, आणि 'शिल्लक सध्या दिसत नाही' असं स्क्रीनवर लिहायचं की पुन्हा प्रयत्न करायचा, ते वरचा कोड ठरवतो. एक अक्षर! तेवढंही होत नसेल तर पैशांच्या कोडला हात लावू नका. आणि ज्याने ही ओळ डोळे मिटून अप्रूव्ह केली, त्यानेही.