एका प्रतिक्रियेला उत्तर : कांदा, टोल आणि यादीतलं नाव

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 2024च्या विधानसभेला कोल्हापूरजवळच्या करवीरमध्ये 84 टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि मुंबईच्या कुलाब्यात 44च्या आसपास, एवढ्यावरून माझ्या लेखात मी शहरातल्या मतदाराला ‘निष्काळजी’ म्हटलं, हे तुम्हाला खटकलं. गावातलं मतदान पाकिटं, गाड्या आणि भावकीच्या जोरावर होतं, त्याला जागरूकता म्हणू नका, असं तुम्ही लिहिलंत.

पाकिटं वाटली जातात. नाकारत नाही, मी ती पाहिली आहेत. पण तुम्ही म्हणता तसं मत आधीच बांधलेलं असतं, तर नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत जे झालं ते झालंच नसतं. लासलगावची कांद्याची बाजारपेठ याच लोकसभा मतदारसंघात येते. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, भाव पडले. मे 2024 मध्ये, मतदानाला पंधरवडा उरला असताना बंदी उठली, तीही 40 टक्के शुल्क लावून. तिथे केंद्रात मंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार लाखाहून जास्त मतांनी पडल्या. शरद पवार गटाच्या भास्कर भगरेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि भगरे आडनावाच्याच एका अपक्षाचं नुसती तुतारी; त्या घोळात अपक्षाला लाखभर मतं गेली, हा तुमचा मुद्दा खरा आहे. पण तेवढी मतं भरकटूनही भास्कर भगरे निवडून आले, यावरूनच राग किती होता ते कळतं.

आणि सहाच महिन्यांनी त्याच दिंडोरीतल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या. जात तीच, भावकी तीच, गावंही तीच. मधल्या काळात लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये खात्यात येऊ लागले होते, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ झालं होतं. तुम्ही याला मत विकत घेणं म्हणाल. मग ऑक्टोबर 2024 मध्ये, आचारसंहितेच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींचा टोल माफ झाला, त्याला काय म्हणायचं? शहरातला माणूसही आपला हिशेब मांडतोच, आणि त्यात गैर काही नाही.

करवीरचा निकाल दोन हजारांच्या आतल्या फरकाने लागला. लढत इतकी चुरशीची असली की पुण्या-मुंबईतल्या पोरांना रात्रीची गाडी करून आणतात. हे वळण ग्रामपंचायतीपासून लागतं. वॉर्डात पाच-सात मतांनी माणूस पडलेला गावाने पाहिलेला असतो, आपलं मत कुठे गेलं ते दुसऱ्या दिवशी चावडीवर कळतं. डिसेंबर 2022 मध्ये राज्यात सात हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. मुंबई, पुणे, ठाण्याच्या महापालिकांची मुदत मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये संपली आणि मतदान झालं थेट जानेवारी 2026 मध्ये. जवळपास चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हता. मताची सवय मोडायला एवढं पुरतं.

आता माझं चुकलं ते. 13 मे 2024 ला पुण्यात आईला घेऊन मी मतदानाला गेलो. तिचं वय 74. सव्वा तास उन्हात उभी होती. आत गेल्यावर यादीत तिचं नावच नाही, आणि तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बाबांचं नाव तसंच होतं. आई काही बोलली नाही, फक्त मतदार ओळखपत्र परत पिशवीत ठेवलं. घर बदललेले, गेलेले, गावाकडेही नाव असलेले असे कितीतरी लोक शहराच्या यादीत तसेच राहतात आणि टक्का खाली ओढतात. दारात जाऊन परत फिरलेल्या माणसाला टक्केवारीत जागाच नाही. हे स्वतः पाहूनही मी लेखात ते लिहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

‘निष्काळजी’ हा शब्द आज लेखातून काढला आहे. करवीरचा परिच्छेद मात्र तसाच ठेवतो.