एएचआय 9 आला, म्हणून लगेच सीपॅप? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. झोपेत श्वास अडण्याच्या विकारावरच्या (स्लीप अ‍ॅप्निया) माझ्या लेखावर ‘श्वास अडतो म्हणजे सीपॅप हवंच, कुशीवर झोपा असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे,’ असा तुमचा आक्षेप. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र, हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, यात वाद नाही. पण 5 ते 15 या सौम्य टप्प्यात नुसत्या एएचआयवरून (झोपेत ताशी किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो, तो आकडा) उपचार ठरवणं मला पटत नाही.

9 ही अख्ख्या रात्रीची सरासरी. झोपण्याच्या स्थितीनुसार आकडे अहवालात वेगळे दिलेले असतात, ते वाचा. समजा, 7 तासांच्या झोपेत श्वास 63 वेळा अडला. त्यातले 44 प्रसंग उताणं असतानाच्या 2 तासांत, बाकीचे 19 कुशीवरच्या 5 तासांत. म्हणजे उताणं ताशी 22, कुशीवर चारपेक्षाही कमी! अशा माणसाला उताणं होऊ न देणं हा उपचारच आहे. अर्थात नुसतं ठरवून ते जमत नाही, झोपेत माणूस वळतोच. पाठीवर चेंडू शिवलेला बनियन टोचतो, म्हणून बहुतेक जण तो सोडून देतात. उताणं होताच थरथरणारा पट्टा त्यापेक्षा सुसह्य.

दोन्ही स्थितींत आकडे सारखेच असतील, तर खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण. ते दंतवैद्याकडून मापानं करून घ्यावं. जबडा जितका पुढे येतो त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करून, अर्धा-एक मिलिमीटरने पुढे सरकवत न्यायचं. घाई केली की कानापुढचा सांधा दुखतो. दात हलत असतील तर हा मार्ग नको, आणि वर्षानुवर्षं वापरल्यास दातांची ठेवण बदलू शकते, म्हणून नियमित तपासणी हवी.

तुमचा एक मुद्दा मात्र अगदी बरोबर आहे: घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडणं थांबलं, असं नाही. उपकरण किंवा पट्टा लावूनच झोपेची तपासणी पुन्हा करायला हवी. लेखात हे राहून गेलं होतं, आता भर घातली आहे.

शिवाय घरच्या तपासणीत बहुधा मेंदूच्या लहरी नोंदल्या जात नाहीत. त्यामुळे माणूस नेमका कधी झोपला होता हे कळत नाही, जागेपणाचा वेळही भागाकारात येतो आणि आकडा कमी दिसतो. त्यामुळे घरच्या तपासणीत 9 आला, पण गाडी चालवताना डोळा लागतोय, तर चेंडू-पट्ट्यांत वेळ घालवू नये. गाडी चालवणं थांबवावं, प्रयोगशाळेत रात्रभराची तपासणी करावी, आणि तिथे सीपॅप सुचवलं तर ते जरूर घ्यावं.