खुलासा: अमेरिकेतल्या निकालाने आपला ३बीचा दाखला रद्द झालेला नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेत आरक्षण बंद, प्रवेश फक्त गुणांवर, आता मराठा समाजाच्या ३बी दाखल्यालाही अर्थ उरला नाही.’ हे खरे नाही. (३बी म्हणजे कर्नाटकातल्या मागासवर्गीय आरक्षणातला एक प्रवर्ग; मराठा समाज त्यात येतो.)

तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरचे निकालपत्र मी वाचले. २९ जून २०२३ चा तो निकाल हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांतला. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घ्यायला त्याने मनाई केली. वंशावर आधारित राखीव जागा तर तिथे १९७८ पासूनच अवैध आहेत. ‘फक्त गुण’ असेही कुठे म्हटलेले नाही. वंशभेदाची झळ आपल्याला कशी बसली, हे अर्जात लिहिण्याची मुभा सरन्यायाधीशांनी स्पष्ट ठेवली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप मात्र या निकालानंतरही शाबूत राहिले, आणि मला तोच खरा अन्याय वाटतो.

आपले शैक्षणिक आरक्षण भारतीय संविधानाच्या कलम १५(४) नुसार आहे. परदेशी न्यायालयाचा निकाल इथे लागू होत नाही.

मेसेज वाचून काही पालक दाखला काढायचे थांबलेत, म्हणून कळकळीने सांगते: तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. आणि सीईटीसाठीचा दाखला नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) वेळेत काढून घ्या.