‘शेवटचे दहा टक्के काढा’ म्हणणाऱ्या त्या पोस्टला उत्तर

परवा रात्री भाच्याचा फोन आला. नुकताच टीम लीड झालाय, सात जणांची टीम, ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं काम. म्हणाला, "मावशी, एक पोस्ट पाठवलीय ती वाच आणि सांग, यादीत कोणाचं नाव टाकू?" उघडली तर ओळखीचीच निघाली. वेगवेगळ्या ग्रुपवर चार वेळा आली होती आणि चारही वेळा मी सोडून दिली होती. या वेळी नाही सोडणार, कारण ती त्याच्या साहेबांनी सगळ्या टीम लीड्सना पाठवलीय आणि खाली लिहिलंय की शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या टीममधलं तळाचं एक नाव कळवा.

ज्यांना आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा फोटो, त्याखाली त्यांच्या नावाने वाक्य, "जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही." मग म्हणे संस्था म्हणजे साखळी, आणि साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कमकुवत कडीइतकीच. म्हणून पाच नियम: दर वर्षी शेवटचे दहा टक्के लोक काढा, प्रत्येकाला आकड्यात टार्गेट द्या, कोणाचा एक मिनिटही रिकामा जाऊ देऊ नका, प्रत्येक डिपार्टमेंट आपापल्या जागी बेस्ट करा, आणि चूक झाली की करणाऱ्याला सगळ्यांसमोर जाब विचारा.

आधी फोटोबद्दल, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये तिथल्या इंजिनियर आणि कंपनीप्रमुखांना क्वालिटीबद्दल व्याख्यानं दिली, आणि पुढच्याच वर्षी जपानी लोकांनी त्यांच्या नावाने बक्षीस सुरू केलं. त्यांच्या तोंडी घातलेलं ते वाक्य त्यांनी खोडलेलं आहे. १९९३ च्या पुस्तकात त्यांनी स्पष्ट लिहिलंय की मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही हा समज चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. त्यांच्या प्रसिद्ध चौदा मुद्द्यांमध्ये कोटे बंद करा, आकड्यांची टार्गेटं देऊन कारभार करणं बंद करा, वार्षिक रेटिंग बंद करा, कामाच्या जागेवरची भीती घालवा, डिपार्टमेंटमधल्या भिंती पाडा, हे सगळं आहे. म्हणजे पोस्टमधले जवळजवळ सगळे नियम ज्या माणसाने नाकारले त्याचाच फोटो वर लावून ती फिरतेय!

आता शेवटचे दहा टक्के. मला याच मुद्द्यावर जास्त बोलायचंय कारण यात माणसांचे पगार जातात.

पहिली गोष्ट म्हणजे शेवटचे दहा टक्के नेहमीच असतात. ऑलिम्पिकच्या फायनलला धावणाऱ्या आठ जणांतही एक आठवा येतोच, म्हणून तो वाईट धावपटू होत नाही. क्रम लावला की कोणीतरी तळाला येणारच आणि त्या तळाला येण्यातून कामाबद्दल काहीच कळत नाही. हे समजावून सांगायला डेमिंग आपल्या सेमिनारमध्ये एक प्रयोग करायचे, लाल मण्यांचा. एका पेटीत ४००० मणी, त्यातले ३२०० पांढरे आणि ८०० लाल. श्रोत्यांमधून सहा जणांना कामगार म्हणून बोलवायचं, प्रत्येकाने पन्नास खळग्यांची फळी पेटीत बुडवून बाहेर काढायची, पांढरे मणी म्हणजे चांगला माल आणि लाल म्हणजे खराब. फळी कशी धरायची, किती तिरकी करायची ते सगळं ठरवून दिलेलं, कामगाराच्या हातात काहीच नाही. डेमिंग स्वतः फोरमन व्हायचे. ज्याचे लाल कमी आले त्याचं कौतुक, ज्याचे जास्त आले त्याला ताकीद, आणि दुसऱ्या दिवशी कौतुक झालेल्याचेच लाल वाढायचे. शेवटी तळाच्या तिघांना काढून वरच्या तिघांना डबल शिफ्ट द्यायची, तरी लाल मणी तेवढेच यायचे, कारण ते पेटीत होते.

हिशोब साधा आहे. पाचातला एक मणी लाल म्हणजे पन्नासात सरासरी दहाच्या आसपास लाल येणार, पण एकाला पाच आणि दुसऱ्याला पंधरा हे नुसत्या योगायोगाने सहज होतं. मग पाचवाल्याला बक्षीस आणि पंधरावाल्याला नारळ, हा कसला न्याय?

मी भाच्याला विचारलं, तुझ्या टीममध्ये तळाला कोण आहे. म्हणाला एक मुलगी, तिची महिन्याची तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, सगळ्यात कमी बंद होतात. मी विचारलं तिच्याकडे कुठली तिकिटं येतात. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "जी बाकीच्यांना सुटत नाहीत ती." म्हणजे अवघड काम जिच्याकडे ढकललं जातं तीच आकड्यात मागे दिसतेय, आणि तिला काढलं की ती अवघड तिकिटं कोणाकडे जाणार याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, त्याच्या साहेबांकडेही नसणार.

मी वीसेक वर्षं हेच काम करतेय, कामं कुठे अडतात ते शोधायचं. एका ऑफिसात अर्जांचा ढीग साचायचा आणि सगळे एका बाईंकडे बोट दाखवायचे, त्या फार हळू आहेत म्हणून. मी जायच्या आधीच त्यांची बदली करून तिथे एक चपळ मुलगा बसवला होता. महिन्याभरात ढीग परत तेवढाच, फक्त दोन टेबलं पुढे सरकलेला. कारण फॉर्मवर एका कागदाचं नाव असं छापलं होतं की लोक भलताच कागद जोडायचे. बाई ते तपासून परत पाठवत होत्या म्हणून हळू दिसत होत्या, मुलगा न तपासता पुढे ढकलत होता म्हणून चपळ. फॉर्मवरची एक ओळ बदलली आणि ढीग ओसरला. बाईंची बदली मात्र झाली ती झालीच, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हे माझं एकटीचं सांगणं नको असेल तर फ्रीमॉंटचं बघा. कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, कामगार बेशिस्त म्हणून बदनाम, क्वालिटी वाईट, गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात. १९८२ ला तो बंद पडला. १९८४ ला टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच परत सुरू केला आणि घेतले कोण, तर बहुतांश जुनेच कामगार, युनियनही तीच. काम करायची पद्धत तेवढी टोयोटाची आणली. गैरहजेरी दोनेक टक्क्यांवर आली आणि गाड्यांची क्वालिटी थोड्याच काळात जपानमधल्या कारखान्यांच्या बरोबरीला गेली. जी माणसं कमकुवत कड्या ठरली होती तीच ही माणसं! आणि ज्या मायक्रोसॉफ्टचं उदाहरण लोक रँकिंगसाठी, म्हणजे कर्मचाऱ्यांचा असा क्रम लावण्यासाठी, द्यायचे तिनेही २०१३ मध्ये ती पद्धत बंद केली.

आता एक मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. खरंच काम न करणारी, दुसऱ्यावर ढकलणारी माणसं असतात आणि त्यांच्याशी बोलावं लागतं, कधी काढावंही लागतं. ते एका माणसाचं प्रकरण म्हणून, नीट चौकशी करून. डेमिंग यांनी स्वतःच्या अनुभवावरून अंदाज दिला होता की अडचणींपैकी ९४ टक्के सिस्टीमच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या जबाबदारीच्या असतात आणि ६ टक्के विशेष, म्हणजे एखाद्याच प्रसंगापुरत्या कारणांच्या. हा अंदाज आहे, सर्व्हे नाही, आणि त्या सहातही सगळी माणसंच असतात असं नाही. पण पोस्टवाले त्या सहाच्या मागे लागून ९४ ला हातच लावत नाहीत.

साखळीचंही तसंच, अर्धं खरं आहे. कामाचा वेग सगळ्यात अरुंद जागेवर ठरतो हे बरोबर. पण ती जागा म्हणजे माणूस हे कोणी ठरवलं? माझ्या बघण्यात ती बहुतेक वेळा दोन कड्यांच्या मध्ये सापडते, एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना, जिथे मंजुरी अडकते, माहिती अर्धी पोचते किंवा दोघांनाही वाटतं की हे समोरच्याचं काम आहे.

टार्गेटबद्दल एकच उदाहरण पुरे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ प्रॉडक्ट्स विकायचा आग्रह होता. २०१६ मध्ये बाहेर आलं की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती, बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, हजारो लोक काढले गेले. हजारो माणसं एकाच वेळी एकाच प्रकारे अप्रामाणिक झाली असं मानायचं, की वरून आलेल्या आकड्याचा हा परिणाम होता? मोजू नका असं मी म्हणत नाही, डेमिंग तर आयुष्यभर मोजत होते. काम समजून घ्यायला मोजा. माणसाच्या डोक्यावर आकडा टांगला की तो आकडा दाखवायला शिकतो आणि मग तुम्ही जे मोजताय त्याचाही उपयोग राहत नाही.

कोणी रिकामं नको, हे ऐकायला फार जबाबदार वाटतं. पण काम ठरल्या वेळेला येत नाही, कधी एकदम येतं कधी येतच नाही. रांगांच्या गणिताचं साधं सूत्र सांगतं की माणूस ५० टक्के व्यस्त असेल तर नव्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेइतकं थांबावं लागतं, ८० टक्क्यांना चारपट, ९० ला नऊपट, ९५ ला एकोणीसपट. शंभराला रांग वाढतच जाते. भाच्याच्या टीममधले सगळे सकाळपासून रात्रीपर्यंत बिझी आहेत आणि ग्राहक म्हणतात उत्तर येत नाही, ते याच्यामुळे.

प्रत्येक डिपार्टमेंट वेगळं बेस्ट करायचं यावर मॅनेजमेंटचे अभ्यासक रसेल अॅकॉफ यांचं उत्तर पुरेसं आहे. जगातल्या सगळ्या गाड्यांमधला बेस्ट भाग निवडा, एकीचं इंजिन, दुसरीचे ब्रेक, तिसरीचा गिअरबॉक्स, आणि जोडायला बसा. गाडी तयारच होणार नाही, कारण ते भाग एकमेकांत बसत नाहीत. खरेदी विभाग स्वस्त माल घेऊन स्वतःचा आकडा सुधारतो आणि त्याच मालाने उत्पादनवाल्यांचं मशीन अडतं, हे कोणी पाहिलं नसेल तर सांगा.

आणि सगळ्यांसमोर जाब विचारल्याने चुका कमी होत नाहीत, कळणं कमी होतं. अमेरिकेत १९७६ पासून नासा विमानक्षेत्रातल्या लोकांकडून धोक्यांची माहिती गोपनीय ठेवून घेते, कारण घाबरलेला माणूस सांगत नाही हे त्यांना कळलं होतं. टोयोटाच्या लाइनवर तर कामगारालाच दोरी दिलेली असते, गडबड दिसली की ओढायची, आणि ओढल्यावर माणसं मदतीला येतात.

भाच्याला मी सांगितलंय की नाव देऊ नकोस. त्याऐवजी गेल्या महिन्यात ज्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला अशी वीस तिकिटं घे, प्रत्येक तिकीट कुठे कुठे किती दिवस पडून होतं ते कागदावर काढ आणि शुक्रवारी तेच साहेबांसमोर ठेव. काल रात्री त्याने पहिली सहा काढून पाठवली. सहापैकी पाच तिकिटं त्याच्या टीमबाहेर, एकाच मंजुरीसाठी थांबलेली होती. मंजुरी त्याच साहेबांची आहे. तो विचारत होता हे दाखवू का. मी म्हटलं आधी बाकीची चौदा पूर्ण कर, साहेबांना एकट्याला भेटून दाखव, आणि त्यांच्याकडे रोज अशा किती मंजुऱ्या येतात तेही विचार.