पावशेर सबनेट

आमच्या ऑफिसचं नेट बंद पडलं ते टापटिपीमुळे. शिपाईमामांना टेबलाखाली एक वायर लोंबकळताना दिसली. तिचं एक टोक भिंतीवरच्या नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्यात होतं, दुसरं मोकळं. मामांना पसारा खपत नाही. त्यांनी मोकळं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलं आणि चहा आणायला गेले. थोड्याच वेळात अख्खं ऑफिस ठप्प. स्विचवरचे हिरवे दिवे गणपतीच्या माळेसारखे लुकलुकायला लागले. मला ते बघून उलट बरं वाटलं, आत काहीतरी जोरात काम चाललंय असं. तीन तासांनी माझा पाय त्या वायरीत अडकला, वायर निघाली आणि नेट आलं.

"काय केलंत नक्की?" साहेबांनी विचारलं.

"अडखळलो," मी खरं ते सांगितलं.

मी मूळचा अकाउंट्सचा. २००९ साली प्रिंटरमध्ये अडकलेला कागद सगळ्यांदेखत अखंड बाहेर काढला, तेव्हापासून ऑफिसचा कॉम्प्युटरवाला मीच. आधीच्या साहेबांना एवढी पात्रता पुरत होती. हे साहेब नवे आणि तरुण. म्हणाले, "तुम्ही सीसीएनए करून टाका. एंट्री लेव्हलच तर आहे." माझं वय सेहेचाळीस. ह्या वयात माणूस एक्झिट लेव्हलची चौकशी करतो.

सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची पहिली पायरी. १९९८ पासून चालू आहे. फेब्रुवारी २०२० पासून तिचा एकच पेपर असतो, त्याचा नंबर २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर. पास व्हायला किती मार्क लागतात ते कंपनी जाहीर करत नाही. दहावीला पस्तीस म्हणजे पस्तीस, हे डोक्यात ठेवून वाढलेल्या माणसाला ही गोष्ट रात्री झोपू देत नाही.

अभ्यासाची सुरुवात नेटवर्कच्या सात थरांपासून होते. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. ते लक्षात ठेवायला व्हिडिओतल्या सरांनी इंग्रजी वाक्य दिलं होतं: प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे. आमच्या घरात सॉसेज कधी आलं नाही, त्यामुळे ते फेकू नका असं कुणी सांगितल्याचं लक्षात राहण्याचं कारण नव्हतं. मी स्वतःचं वाक्य केलं: 'फितूर डेअरीवाल्याने नेला ट्रॅक्टर, सेक्रेटरीने प्रेमाने अडवला.' हे एकदाच म्हटलं आणि पाठ झालं. आमच्या भागात असं खरंच होऊ शकतं.

इथवर ठीक होतं. मग सबनेटिंग आलं.

सबनेटिंग म्हणजे नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांच्या पत्त्यांचा एक मोठा गठ्ठा घेऊन त्याचे तुकडे पाडणं. सर प्रत्येक व्हिडिओत "इट्स व्हेरी सिंपल" म्हणायचे आणि फळा एक आणि शून्याने भरून टाकायचे. तीन रविवार गेले, माझं एकही गणित सुटलं नाही. चौथ्या रविवारी ओसरीवर वही घेऊन बसलो होतो, तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले. आबा म्हणजे माझे वडील. वय ८१, निवृत्त तलाठी. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वाटण्या कागदावर चढवल्या. चष्मा कपाळावरून खाली घेत त्यांनी वहीतला पहिला आकडा वाचला. १९२.१६८.१०.०/२४.

"हा कुठल्या गावचा गट?"

"गट नाही आबा, आयपी ॲड्रेस आहे. कॉम्प्युटरचा पत्ता."

"मग ही तिरकी रेघ कशाला? पोटहिस्सा दिसतोय मला."

मी सांगितलं, की ह्यात २५६ पत्ते आहेत आणि ते चौघांत वाटायचेत. एकाला शंभर लागतात, दुसऱ्याला पन्नास, तिसऱ्याला वीस आणि चौथ्याला फक्त दोन.

"चार भाऊ?"

"चार डिपार्टमेंट."

"तेच ते. तू काय केलंस?"

मी वीसवाल्याला पहिले बत्तीस देऊन टाकले होते आणि शंभरवाल्याला ३२ पासून पुढे १२८. ते चुकलं होतं. तुकडा पडतो तो २, ४, ८, १६ असा दुपटीनेच, आणि १२८ चा तुकडा शून्याला तरी सुरू होतो नाहीतर १२८ ला, मधेच ३२ ला नाही. हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली, ती ते चुकीचा फेरफार आणणाऱ्या खातेदाराकडे टाकत असावेत.

"धाकट्याला आधी कशाला दिलंस? थोरल्याची जमीन बांधाच्या दोन्ही अंगाला गेली. तो कोर्टात जाणार." त्यांनी पेन्सिल मागितली. थोरला ० ते १२७. दुसरा १२८ ते १९१. तिसरा १९२ ते २२३. धाकटा २२४ ते २२७. बाकी पडीक. मी पुस्तकामागचं उत्तर काढलं. आकड्याला आकडा.

मला थोडा रागच आला. म्हटलं, "पण प्रत्येक हिश्शातले दोन पत्ते वापरता येत नाहीत. पहिला त्या हिश्शाच्या नावाचा, आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा."

"बांध," आबा म्हणाले. "बांधाला जागा जातेच. दोन्हीकडून."

मग त्यांची नजर धाकट्यावर गेली. चार पत्ते, त्यातले दोन बांधात. "चार गुंठ्यांत दोन गुंठे बांध? ह्याला तुकडेबंदी नाही का? सत्तेचाळीसचा कायदा आहे." मी सांगितलं, की हा तुकडा दोन राउटरांमधल्या वायरीसाठी असतो, तिथे दोनच पत्ते लागतात. आबांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

मास्कचे, म्हणजे तुकडा केवढा ते सांगणारे आकडे मात्र माझ्या डोक्यात राहत नव्हते. त्यावरही आबांनीच तोड काढली. "२५६ म्हणजे एक शेर धर. निम्मा?"

"१२८."

"अच्छेर. त्याच्या निम्मा पावशेर. मग नवटाक. मग छटाक."

मी वहीत एकाखाली एक मांडलं. /२४ शेर, /२५ अच्छेर १२८, /२६ पावशेर ६४, /२७ नवटाक ३२, /२८ छटाक १६. शेराचे सोळा छटाक, २५६ चे सोळा तुकडे. मास्क हवा असेल तर २५६ मधून वजा करा: पावशेराचा १९२, नवटाकाचा २२४. सरकारने १९५६ चा कायदा करून ज्या शेराला घालवलं, तो सॅन होजेच्या एका कंपनीच्या परीक्षेसाठी आमच्या ओसरीवर परत आला.

आबांना आता गोडी लागली होती. "एकूण जमीन किती आहे ही?"

"४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६."

"पुरली?"

"नाही. ३ फेब्रुवारी २०११ ला शेवटचे पाच मोठे तुकडे जगातल्या पाच विभागीय संस्थांना एकेक दिले आणि मुख्य कोठार रिकामं झालं."

"मग आपल्या घरात कुठून आला हा १९२.१६८?"

मी म्हटलं, हे खासगी पत्ते आहेत, घरोघरी तेच असतात. बाहेर जाताना राउटर ते बदलतो. हे समजायला मला तीन व्हिडिओ लागले होते. आबा म्हणाले, "गट नंबर एक प्रत्येक गावात असतोच की. वेशीबाहेर पडलं की गावाचं नाव लावायचं." आणि जेवायला उठले.

पोर्ट नंबरांचं, म्हणजे नेटवर्कवरच्या कुठल्या सेवेचा कुठला आकडा ह्याचं पाठांतर लेकीकडे होतं. ती आठवीत, इंग्रजी माध्यमात. हातात चिठ्ठ्या घेऊन ती विचारायची, मी भाजी निवडत उत्तर द्यायचो. "ट्वेंटी टू?" "एसएसएच." "फिफ्टी थ्री?" "डीएनएस." मग भूमिका बदलल्या. मी म्हटलं, "टीएफटीपी एकोणसत्तर."

ती चिठ्ठीकडे बघत राहिली. "बाबा, एकोणसत्तर म्हणजे सेव्हंटी नाइन ना?"

त्या संध्याकाळी पोर्ट बाजूला राहिले. एकोणीस ते एकोणऐंशी एवढीच उजळणी झाली.

रात्री अकरानंतर मी पॅकेट ट्रेसर उघडायचो. हे सिस्कोचंच सॉफ्टवेअर. त्यात खोटे राउटर, खोट्या वायरी, पण मनस्ताप खरा. एकदा 'शो' ह्या कमांडऐवजी बोटातून 'श्वो' टाइप झालं. राउटरला वाटलं, श्वो नावाचं कुठलं तरी यंत्र आहे आणि मला त्याच्याकडे जायचंय. त्याने २५५.२५५.२५५.२५५ वर दवंडी पिटायला घेतली, की श्वोचा पत्ता कुणाला माहीत आहे का. कुणालाच नव्हता. पडदा थिजलेला, कळा दाबून उपयोग नाही, आणि हा गडी शांतपणे गावभर श्वोला शोधतोय. कंट्रोल, शिफ्ट आणि सहा एकदम दाबले की तो थांबतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच आठवड्यात लाईट गेली आणि दोन तासांचं कॉन्फिगरेशन पुसलं गेलं, कारण सेव्ह करायची कमांड पुढच्या धड्यात होती.

परीक्षेचं केंद्र पुण्यात. खिसे रिकामे करा, घड्याळ काढा, पाकीट लॉकरमध्ये. वरच्या खिशातून आईने दिलेली अंगाऱ्याची पुडी निघाली. तिथल्या मुलीने ती दोन बोटांत धरून विचारलं, "सर, हे काय आहे?" मी म्हटलं, "बॅकअप." बॅकअप लॉकरमध्ये गेला. मग फोटो, सही, आणि हातात एक पुसता येणारा प्लॅस्टिकचा फळा आणि मार्कर.

ह्या परीक्षेत एकदा 'नेक्स्ट' दाबलं की मागे फिरता येत नाही. आयुष्यभर 'अवघड प्रश्न शेवटी बघू' ह्या एका तत्त्वावर मी परीक्षा दिल्या, तेच तत्त्व इथे लॉकरमध्ये ठेवावं लागलं. पाचव्या प्रश्नाला सबनेट आलं: १७२.१६.४५.१४/३० हा कुठल्या नेटवर्कातला? चार-चारचे तुकडे, १२ ला सुरू, १५ ला संपतो, १२ आणि १५ बांध, मधे १३ आणि १४ हे दोन भाऊ. म्हणजे १७२.१६.४५.१२. बाजूच्या टेबलावरचा पोरगा बोटांवर बायनरी मोजत होता. मला त्याची दया आली, आणि लगेच पुढचा प्रश्न आयपीव्ही सहाचा, म्हणजे नव्या, लांबलचक पत्त्यांचा आल्यामुळे ती गेली.

१२० मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा त्या मुलीने फळा परत घेतला. पुसायच्या आधी तिने वाचला. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. खाली 'थोरला आधी' आणि त्याखाली दोन रेघा.

"सर, तुमचं किराणा दुकान आहे का?"

पास झालो. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. मामांनी पेढा तोंडात टाकत स्विचकडे बोट दाखवून विचारलं, आता तिथे काही लोंबकळत असेल तर खोचू की नको. घरी आबांनी सर्टिफिकेटची छापील प्रत उजेडाकडे धरून नीट वाचली, शिक्का कुठे आहे ते शोधलं आणि विचारलं, "ही तारीख कसली?"

"तीन वर्षांची मुदत असते आबा. मग नूतनीकरण."

"म्हणजे मालकी नाही." त्यांनी कागद परत दिला. "खंडाने घेतलंयस."